रीमा लागू : आईच्या भूमिका सोडून काय काय बघायचं?

निळी छत्री
नमस्कार मंडळी, रीमा लागूंवर जुना धागा शोधला, सापडला नाही, म्हणून नवीन काढतेय. गेल्या आठवड्यात टीव्हीवर 'वास्तव' लागला होता. आधी तुकड्यातुकड्यात बघितलेला, यावेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला आणि मग त्यांच्याबद्दल वाचायलाच बसले. माझा जन्म २००० नंतरचा, त्यामुळे माझ्यासाठी त्या म्हणजे सलमानची आई, माधुरीची आई, काजोल-शाहरुखच्या सिनेमातली कुणाची तरी आई, एवढंच. तारखा बघितल्या आणि चक्रावलेच. त्यांचा जन्म २१ जून १९५८ चा आणि संजय दत्तचा २९ जुलै १९५९ चा, म्हणजे 'वास्तव'मध्ये जिच्या कुशीत तो डोकं ठेवतो ती त्याच्यापेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी मोठी आहे! सलमान साडेसात वर्षांनी लहान, जुही चावला नऊ वर्षांनी, आणि 'गुमराह'मध्ये त्या श्रीदेवीची आई आहेत, ती तर फक्त पाच वर्षांनी लहान.

तर प्रश्न असा की इतक्या लवकर त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या कशा? त्यांना तेच हवं होतं की दुसरं काही मिळतच नव्हतं? आणि ज्यांनी त्यांचं मराठी काम, नाटकं, जुन्या सीरियल बघितल्यात त्यांनी सांगा की मी काय बघू. आमच्या घरी आई-बाबा दोघंही म्हणतात की "तू त्यांना स्टेजवर बघायला हवं होतंस", पण नक्की काय बघायला हवं होतं ते काही दोघांना धड सांगता येत नाही.

पहिली रांग
तुझ्या आई-बाबांचं बरोबर आहे आणि त्यांना सांगता येत नाही हेही समजू शकतो, कारण नाटक संपलं की उरतं काय तर आठवण. तरी मी प्रयत्न करतो.

'सविता दामोदर परांजपे' हे १९८५ चं नाटक, शेखर ताम्हाणे यांनी लिहिलेलं आणि राजन ताम्हाणेंनी बसवलेलं. मी कॉलेजात होतो, दादरला शिवाजी मंदिरला बघितलं. रीमाताई त्यात कुसुम, साधी संसारी बाई, जिला अधूनमधून असह्य दुखणं उठतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि मग त्या कुसुमच्याच तोंडून दुसरी एक बाई बोलायला लागते. पुढचं सांगत नाही, तू बघशील. पण मला जे आजही लख्ख आठवतंय ते असं, की त्या दुसऱ्या बाईचा आवाज आला तेव्हा त्यांनी ओरडणं, केस मोकळे सोडणं, डोळे फिरवणं असलं काहीही केलं नाही. आवाज उलट खाली आला. बसायची पद्धत बदलली, मान थोडी वर आली, आणि नवऱ्याकडे बघायची नजर अशी झाली की ही बाई याला फार आधीपासून ओळखते. एवढंच. आणि सगळं थिएटर चिडीचूप. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी माझा हात धरला होता, ओळख ना पाळख. पुढे २०१८ मध्ये त्याच नाटकावर सिनेमा आला, जॉन अब्राहमची पहिली मराठी निर्मिती, त्यात ही भूमिका तृप्ती तोरडमलने केली. सिनेमा बघ, म्हणजे भूमिका किती अवघड आहे ते कळेल. मात्र सिनेमात कॅमेरा आणि पार्श्वसंगीत मदतीला असतं. स्टेजवर दोन-अडीच तास त्यांच्या मदतीला फक्त आवाज आणि पाठीचा कणा होता.

त्याआधी जयवंत दळवींचं 'पुरुष'. विजयाबाई मेहतांचं दिग्दर्शन, समोर नाना पाटेकर गुलाबराव, आणि रीमाताई अंबिका. एका तत्त्वनिष्ठ मास्तरांची शिक्षिका मुलगी, जिच्यावर एक राजकारणी बलात्कार करतो आणि जी शेवटी त्याचा हिशेब स्वतः चुकता करते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे रंगमंचावर दाखवणं आणि ते हाऊसफुल चालणं यातच सगळं आलं. नाना त्यात अंगावर येतो हे सगळे सांगतात, पण समोर अंबिका तेवढ्याच ताकदीची नसती तर ते नाटक गुलाबरावाचंच झालं असतं. ते अंबिकाचं राहिलं.

आता सांग, हे करून आलेल्या बाईला हिंदीवाले काय देतात, तर हिरोला खीर भरवायची. मला याचा राग आजही येतो. तिशीही ओलांडली नव्हती हो त्यांनी!

रिपीट टेलिकास्ट
आईच्या भूमिका सोडून म्हणजे सीरियल!! नाटकं आता बघायला मिळणार नाहीत पण या मिळतील.

'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं', दोन्ही १९९४ च्या सुमाराच्या, म्हणजे 'हम आपके हैं कौन' ज्या वर्षी आला तेच वर्ष. एकीकडे देशभर थिएटरात माधुरीची गोड आई आणि दुसरीकडे टीव्हीवर ही कोकिळा कुलकर्णी. कोकीचा नवरा केशव म्हणजे जतीन कनाकिया, त्याचा जीव शेजारच्या नटीवर म्हणजे अर्चना पूरणसिंगवर, आणि त्या नटीचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा म्हणजे राकेश बेदी, त्याचा जीव कोकीवर. चौघांत तिघं सतत काहीतरी खटाटोप करत असतात, लपतात, धडपडतात, वेशांतरं करतात, आणि मधे रीमा लागू सरळ चेहऱ्याने संसार करत असतात. विनोदात सरळ चेहरा ठेवणारं माणूस सगळ्यात कठीण काम करत असतं हे मला फार उशिरा कळलं. त्या गडबडल्या असत्या तर बाकीच्यांचा सगळा गोंधळ फुकट गेला असता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने 'श्रीमान श्रीमती' परत दाखवली तेव्हा आमच्या घरात माझी भाची, वय वर्षं दहा, तिने पहिल्यांदा बघितली आणि पोट धरून हसत होती. पंचवीस वर्षांनी!

'तू तू मैं मैं'मध्ये बरोबर उलटं. तिथे त्या सासू देवकी, सुप्रिया पिळगावकर सून, सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, सासरे कुलदीप पवार. आधी डीडी मेट्रोवर आणि मग स्टार प्लसवर २००० पर्यंत चालली. सुप्रिया त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनीच लहान आहे हे लक्षात ठेवून बघ. पण तिथे एकदाही असं वाटत नाही की ही दोघी एका पिढीच्या आहेत, कारण रीमाताई तो सासूपणा वयाने दाखवतच नाहीत, हक्काने दाखवतात. घर माझं, भांडी माझी, मुलगा माझा. सुनेचं वाक्य अर्धं व्हायच्या आत यांचा चेहरा उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. आणि भांडता भांडता बाहेरचं कुणी सुनेला काही बोललं की हीच सासू वाघीण. पुढे सगळ्या चॅनलवर सासवा-सुनांची कटकारस्थानं सुरू झाली, विष काय, जिन्यावरून ढकलणं काय, त्याआधीची ही मालिका, ज्यात सासू-सून भांडतात ते भाजीत मीठ किती यावरून आणि तरी अर्धा तास खिळवून ठेवतात.

नीळूताई, तू इथूनच सुरुवात कर असं माझं मत.

जमाखर्च
वरच्या दोघांना अनुमोदन. मी एक वेगळी गोष्ट सांगतो कारण ती फारशी कुणी सांगत नाही, ती म्हणजे त्यांची बँकेतली नोकरी.

रीमा लागू हे लग्नानंतरचं नाव. मूळच्या त्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, 'लेकुरे उदंड जाली'मुळे लोकांना माहीत असलेल्या. स्वतः नयननेही लहानपणी 'बेबी नयन' म्हणून सिनेमात कामं केलेली. शिक्षण पुण्याला हुजूरपागेत, १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा, तिथल्या नाटकांत ही मुलगी उठून दिसायची. म्हणजे घरातच नाटक, शाळेत नाटक. आणि तरी १९७९ पासून जवळजवळ दहा वर्षं त्या मुंबईत युनियन बँकेत नोकरीला होत्या. नोकरी आणि नाटक आणि सिनेमा, सगळं एकाच वेळी. आंतरबँक स्पर्धांमध्ये बँकेकडून भाग घ्यायच्या. त्यांचे यजमान विवेक लागू, तेही बँकेतले आणि नटच. पुढे ते दोघं वेगळे झाले.

आता आजच्या मुलांना हे विचित्र वाटेल पण त्या काळात मराठी नट आणि बँक हे अगदी ठरलेलं समीकरण होतं. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत कॅशियर, त्यांना तर आंतरबँक नाट्यस्पर्धेतच बाळ धुरींनी हेरलं. मी स्वतः बँकेतून रिटायर झालोय (वेगळी बँक) त्यामुळे आतलं सांगतो, त्या स्पर्धा म्हणजे गंमत म्हणून केलेलं गॅदरिंग नसायचं. तालमी ऑफिस सुटल्यावर, रात्री शेवटच्या लोकलपर्यंत, परीक्षक नावाजलेले, आणि जिंकणं हा शाखेच्या इभ्रतीचा प्रश्न. नाटकाच्या मानधनावर घर चालत नव्हतं, बँकेच्या पगारावर चालत होतं, म्हणून माणसं नाटकात टिकली. मराठी रंगभूमीची ती दोन-तीन दशकं राष्ट्रीयीकृत बँकांच्या पगारपत्रकावर उभी होती हे मी कुणालाही ठासून सांगेन.

आणि आता 'वास्तव' परत बघ. रघूची (म्हणजे संजय दत्तची) आई शांता म्हणजे रीमा लागू आणि वडील शिवाजी साटम. चाळीतलं ते मध्यमवर्गीय जोडपं, महिन्याचं गणित जुळवणारं, मुलगा कामाला लागत नाही म्हणून कुढणारं. दोघंही खऱ्या आयुष्यात वर्षानुवर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेले. ते पैशाकडे कसं बघतात, मुलाने आणलेल्या पैशाकडे कसं बघतात, ते लिहून शिकवता येत नाही.

निळी छत्री
बापरे, हे बँकेचं मला अजिबातच माहीत नव्हतं! साटम आणि त्या दोघंही! धन्यवाद जमाखर्च काका.

@पहिली रांग, तुमचा राग समजला पण मग त्यांनी स्वीकारलं का? दहा वर्षं पगार येत होता म्हणजे नाही म्हणायची सोय होती ना?

चौथी भिंत
माझं पहिली रांग यांच्याशी जुळत नाही, आदर ठेवून लिहितेय.

एक तर हा प्रश्न फक्त रीमा लागूंचा नव्हताच. हिंदीत बायकांचं वय नेहमी असंच मोजलं गेलंय. निरुपा रॉय अमिताभपेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, आणि राखी तर त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, त्याची हिरॉइन होऊन गेलेली, तरी १९८२ च्या 'शक्ती'मध्ये ती त्याची आई झाली. त्यामुळे मराठी स्टेजवरून आलेल्या, लग्न झालेल्या, मूल असलेल्या बाईला १९८८ मध्ये हिरॉइन कोण करणार होतं? हे चुकीचंच होतं, पण ती चौकट त्यांनी बनवलेली नव्हती. हिंदीत आधी त्यांनी छोट्या पण अजिबात आईपणाच्या नसलेल्या भूमिका केल्याच होत्या. निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये नाचणारीची, बेनेगलांच्या 'कलयुग'मध्ये त्या मोठ्या उद्योगपती घराण्यातली सून. मराठीत त्याच्या आगेमागे जब्बार पटेलांचा 'सिंहासन'. टीव्हीवर १९८५ ची 'खानदान'. त्यातून मोठं काही निघालं नाही. मग 'कयामत से कयामत तक'मध्ये जुहीची आई आणि पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया', आणि त्याचं यश एवढं प्रचंड की नंतर दार एकच उघडं राहिलं.

पण मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी त्या एकाच दारातून जाऊन आतली खोली बदलली. त्यांच्या आधीची हिंदी सिनेमातली आई आठवा. पांढरी साडी, शिवणयंत्र, खोकला, देवळाची घंटा, हाल हाल. 'मैंने प्यार किया'मधली कौशल्या त्यातलं काहीच नाही. ती छान नेसलेली, हसरी, मुलगा प्रेमात पडलाय हे मुलाच्याही आधी ओळखणारी, आणि त्याच्याशी मैत्रिणीसारखं बोलणारी बाई. असं हिंदीत आधी कुणी आईला दिसू दिलं होतं? माझी आई त्या वर्षांत तिशीतच होती, नोकरी करायची, आणि तिला पहिल्यांदा पडद्यावर स्वतःसारखी आई दिसली असं ती आजही म्हणते. त्यात रीमाताईंच्या कमी वयाचा फायदाच झाला. खऱ्या आयुष्यात वीस वर्षांच्या मुलाची आई चाळिशीत असते हो, सत्तरीत नसते!

आणि मग प्रत्येक आई वेगळी करायची हे काम त्यांचं स्वतःचं. लेखक तर तीच चार वाक्यं लिहून द्यायचे. 'रंगीला'मधली ऊर्मिलाची आई बघा, मध्यमवर्गीय घर, पोरीच्या नाचाच्या वेडाला वैतागलेली, हातातलं काम न सोडता बोलणारी. 'हम आपके हैं कौन'मध्ये समधी-समधनच्या गाण्यात मिश्कील, आणि मोठी मुलगी गेल्यावर तीच बाई आतून विझलेली. 'हम साथ साथ हैं' सगळ्यांना गोग्गोड सिनेमा म्हणून आठवतो पण ममताची भूमिका नीट बघा. मैत्रिणींनी कान भरल्यावर ती सावत्र मुलाला घराबाहेर जायला लावते, सरळ सरळ कैकेयी. आणि तिने ते अशा पद्धतीने केलंय की तिचा राग येतो पण ती दुष्ट वाटत नाही, घाबरलेली वाटते. ही खीर भरवणं नाही, पहिली रांग.

पहिली रांग
चौथी भिंत, 'हम साथ साथ हैं'बद्दल मान्य. कौशल्याबद्दलही बऱ्याच अंशी मान्य, विशेषतः तुमच्या आईबद्दल जे लिहिलंत ते.

पण माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. त्यांनी मिळालेल्यातून काय केलं याबद्दल माझा वादच नाही, सोनं केलं. मुद्दा असा की त्यांना पूर्ण भूमिका कुणी दिली का? पूर्ण म्हणजे जिचा स्वतःचा प्रश्न असतो, जिला स्वतःला काहीतरी हवं असतं. अंबिकाला हवं होतं. कुसुमला हवं होतं. हिंदीतल्या त्यांच्या ऐंशी टक्के आयांना मुलाचं लग्न सोडून काही नकोच असतं. फिल्मफेअरची सहाय्यक अभिनेत्रीची चार नामांकनं मिळाली, 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव', आणि चारही वेळा हात रिकामा. आणि पुरस्काराचं सोडा, चारही वेळा कोणाची तरी आई म्हणूनच.

त्या चारांत 'वास्तव' एकटाच असा की ज्यात आईची स्वतःची गोष्ट आहे. महेश मांजरेकर स्वतः मराठी नाटकातून आलेले, त्यांना या बाईच्या हातात काय आहे ते माहीत होतं. सिनेमा सुरूच होतो ती समुद्रकिनारी रघूच्या वर्षश्राद्धाला आणि नातवाला गोष्ट सांगायला लागते तिथून, म्हणजे सगळा सिनेमा तिच्या तोंडून आहे हे लोक विसरतात. ते पन्नास तोळ्यांचं दृश्य सगळ्यांना पाठ, सगळे संजय दत्तची नक्कल करतात. त्या दृश्यात एकदा फक्त आईकडे बघा. मुलगा घरी आला याचा आनंद, एवढं सोनं कुठून आलं याची भीती, आणि ते विचारायची हिंमत नसणं, तिन्ही एकाच चेहऱ्यावर, आणि बोलायला जवळपास काहीच नाही.

आणि शेवट. पोटच्या पोराला आई गोळी घालते. हिंदी सिनेमात हे 'मदर इंडिया'मध्ये नर्गिसने केलेलं आणि तिथे ती गावाच्या अब्रूसाठी, न्यायासाठी करते. इथे न्याय वगैरे काही नाही. रघू पार कोलमडलाय, भास होतायत, तिच्याकडे सुटका मागतोय, आणि ती ती देते. आजारी मुलाला औषध पाजावं तसं. नर्गिसच्याच मुलाला पडद्यावर दुसऱ्या आईने गोळी घातली, हे मला तेव्हा थिएटरात जाणवलं होतं आणि अंगावर काटा आलेला. रीमाताईंनी तिथे एक आक्रोश केला असता तरी चाललं असतं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी तो केला नाही. 'सविता'मध्ये जे केलं तेच, आवाज खाली.

@निळी छत्री, नाही का म्हटलं नाही ते विचारतेस तर दहा वर्षांनी बँक सोडली ती कामं वाढली म्हणूनच, दोन्ही जमेना. त्यानंतर पगार नव्हता. आणि नाटकाचं मानधन किती ते जमाखर्च यांनी लिहिलंच आहे.

कॉल टाइम
नेहमी वाचनमात्र असते, पण इथे लिहावंसं वाटलं कारण मी मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काम केलंय (त्यांच्याबरोबर कधीच नाही, हे आधीच सांगते).

सगळे नाटक-सिनेमाबद्दल बोलतात पण शेवटच्या दिवसापर्यंत त्या डेली सोप करत होत्या त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्टार प्लसवर 'नामकरण', २०१६ ला सुरू झाली, महेश भट्टची कथा. त्यात त्या दयावंती मेहता, कठोर, करारी, चक्क खलनायिका. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं ज्यांना लोकांनी गोड आई म्हणून बघितलं त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी लोकांच्या शिव्या खायची भूमिका घेतली. पहिली रांग म्हणतात ना की स्वतःला काही हवं असणारी भूमिका, दयावंतीला सगळंच हवं होतं.

डेली सोप म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही म्हणून सांगते. शिफ्ट बारा तासांची, वर प्रवास वेगळा. सीन बऱ्याचदा सेटवर आल्यावर हातात पडतो, कधी कधी मेकअप चालू असताना. एकच सीन आधी मास्टरमध्ये (सगळे एकत्र दिसतात तो शॉट), मग याच्या क्लोजमध्ये (फक्त चेहरा), मग त्याच्या क्लोजमध्ये, आणि प्रत्येक वेळी तोच राग, तेच पाणी डोळ्यांत. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपत आली की सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. तिशीतली मुलं संध्याकाळपर्यंत गळतात. आणि जुन्या नाटकवाल्यांची एक सवय मी स्वतः बघितलीय, समोरच्याचा क्लोज चालू असताना ते कॅमेऱ्यामागे उभं राहून स्वतः क्यू देतात, म्हणजे आपली वाक्यं बोलतात, असिस्टंटला वाचायला सांगून व्हॅनमध्ये जाऊन बसत नाहीत. नव्या मुलांना त्याने किती फरक पडतो ते विचारा त्यांना.

१७ मे २०१७ ला त्या संध्याकाळी सातपर्यंत 'नामकरण'चं शूटिंग करत होत्या. रात्री छातीत दुखायला लागलं, अंधेरीच्या कोकिलाबेन हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि १८ ला पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या. एकोणसाठावा वाढदिवस महिन्यावर आला होता. आमच्या सेटवर सकाळच्या शिफ्टला बातमी आली तेव्हा लाइट लावणारे दादा सगळ्यात आधी खाली बसले. ज्यांनी त्यांच्याबरोबर कधीकाळी काम केलेलं ते सगळे एकच सांगत होते, बाई वेळेवर यायच्या आणि पाठांतर चोख असायचं. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही.

पॅकअपनंतर घरी जाऊन माणूस जातं आणि दोन दिवसांत त्या भूमिकेत दुसरी अभिनेत्री आणावी लागते, कारण टेलिकास्ट थांबत नाही. 'नामकरण'मध्ये रागिणी शाह आल्या. यात कुणाचा दोष नाही, पण मला ते फार लागतं.

रिपीट टेलिकास्ट
कॉल टाइम, तुम्ही लिहीत जा हो. वाचून थांबले थोडा वेळ.

एक राहिलं, झी मराठीवर २०१३ ला 'तुझं माझं जमेना' होती, त्यात परत सासू, सून मनवा नाईक. 'तू तू मैं मैं'च्या आठवणीनेच लोकांनी बघायला घेतली असणार, आमच्या घरी तरी तसंच झालं. वय वाढल्यावर त्याच प्रकारची सासू त्यांनी किती मऊ केली ते बघण्यासारखं आहे.

चौथी भिंत
मराठी सिनेमांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून नीळूसाठी लिहिते. 'रेशमगाठ' (२००२) साठी त्यांना राज्य पुरस्कार मिळाला. संजय सूरकरांचा 'आई शप्पथ' (२००६). अमोल पालेकरांचा 'धूसर', त्यात अल्झायमर झालेली आई. हो, आईच, पण पहिली रांग, ही बघाच, कारण इथे आई स्वतःच हरवत चाललीय, मुलांसाठी जगणारी बाई मुलीलाच ओळखेनाशी होते. आणि गजेंद्र अहिरेंचा 'अनुमती' (२०१३). सिनेमा विक्रम गोखल्यांचा आहे, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, बायकोच्या उपचारासाठी पैसे जमवत दारोदार फिरणारा म्हातारा. त्यात रीमाताई थोड्याच वेळासाठी येतात, त्याची कॉलेजातली जुनी मैत्रीण म्हणून. कुणाची आई नाही, कुणाची सासू नाही. साठीच्या घरातले दोन जण गप्पा मारतायत, एवढंच आहे, पण त्या सगळ्या दुःखी सिनेमात तेवढ्याच भागात मोकळा श्वास घेता येतो. ती बाई हसते तेव्हा कळतं की हा म्हातारा एकेकाळी कसा असेल.

आणि हो, त्यांची मुलगी मृण्मयी लागू. 'थप्पड' (२०२०) अनुभव सिन्हांबरोबर तिने लिहिलाय, 'स्कूप' ही वेबसिरीज हंसल मेहतांबरोबर. 'थप्पड'मध्ये हिरॉइनची आई, सासू, वकील, घरकाम करणारी बाई, प्रत्येकीला स्वतःचा प्रश्न आहे आणि प्रत्येकीला स्वतःला काहीतरी हवंय.

निळी छत्री
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. 'श्रीमान श्रीमती'चे दोन भाग काल रात्री आई-बाबांबरोबर बघून झाले. बाबांना टायटल साँग पाठ निघालं. शनिवारी 'अनुमती' बघणार आहे, 'धूसर' कुठे मिळत असेल तर प्लीज सांगा.

@पहिली रांग, 'पुरुष'चं पुस्तक मिळतं का बाजारात? प्रयोग नाही तर निदान संहिता तरी वाचेन.

पहिली रांग
मिळायला हवं, दळवींची नाटकं छापून आलेली आहेत. दुकानात नसेल तर एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात विचार, नाटकांच्या कपाटात असेलच. वाचताना अंबिकाची वाक्यं मोठ्याने वाच, मनातल्या मनात नको.